लॉग एन्क्रिप्ट केले, पण किल्ली कुठे ठेवणार?

सर्व्हरवरचे सगळे सिस्टम लॉग, म्हणजे मशीनवर काय काय घडलं त्याच्या नोंदी, एन्क्रिप्ट करूनच (किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा) ठेवाव्यात, असा एक सल्ला दिला जातो. मला तो सरसकट पटत नाही. किल्ली त्याच मशीनवर असेल तर रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, मिळवणाऱ्याला लॉग आणि किल्ली दोन्ही आयतंच. दाराला कुलूप आणि किल्ली चौकटीच्या खिळ्याला. मशीनवर फक्त पब्लिक की (कुलूप लावणारी) आणि प्रायव्हेट की (ते उघडणारी) दुसरीकडे, ही रचना मात्र कामाची. पण भीती डिस्क चोरीचीच असेल तर लक्सने (लिनक्समधल्या डिस्क एन्क्रिप्शनच्या सोयीने) अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणं सोपं.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे सर्व्हर मी बघतो. लाइट जाऊन आली, मशीन उठेना, की आधी लॉगच ग्रेप करायचा, म्हणजे त्यात हवा तो शब्द शोधायचा असतो. तेव्हा डिक्रिप्ट करत बसलो तर मालक मलाच टॉवेलात गुंडाळतील!

घुसखोराला तसंही लॉग वाचण्यापेक्षा पुसण्यात जास्त रस. तिथे एन्क्रिप्शन काय करणार? जर्नलडी या लिनक्सच्या लॉग ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचं फॉरवर्ड सिक्युअर सीलिंग (नोंदींवर ठरावीक वेळाने मारलेली मोहर) छेडछाड झाल्याचं दाखवतं, थांबवत नाही. म्हणून नोंदी लगेच दुसऱ्या मशीनवर पाठवा. त्या वाटेवर मात्र टीएलएस (नेटवर्कवरून जाणारा मजकूर एन्क्रिप्ट करणारी पद्धत) हवंच; लॉग पाठवायची जुनी पद्धत सिसलॉग यूडीपी पोर्ट ५१४ वरून सगळं उघडंच पाठवते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे आहेत, तेव्हा ही दुसरी प्रत तशीही उपयोगी पडते.

आणि पासवर्ड मुळात लॉगमध्ये येतातच कशाला? २०१८ मध्ये ट्विटरच्या अंतर्गत लॉगमध्ये ते उघडे सापडले होते. ती दुरुस्ती ॲप लिहिणाऱ्यानेच करायची.