जुनी काचचित्रं हळूहळू जमवतेय, जाणकारांनी जरा सांगा

माजघर:
इथे काचचित्रं जमवणारं कोणी आहे का? म्हणजे काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली जुनी देवादिकांची, राजेरजवाड्यांची चित्रं. सासरच्या वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा एक बाळकृष्ण कोणालाच नको होता, तो मी आणला आणि तेव्हापासून वेडच लागलंय. आता सरस्वती आहे, आणि आरसा धरलेली एक बाई, तिच्या नथीचे मोती इतके बारीक काढलेत की भिंग लावून बघावे लागतात. नवरा म्हणतो एकदाच काय ते चार-पाच घेऊन टाक आणि भिंत भरून टाक, पण मला ते नकोय, एक आलं की त्याच्याकडे महिनोन्महिने बघत राहायचं, मग सावकाश पुढचं. आता विचारायचंय ते असं की खरं जुनं ओळखायचं कसं, दुकानदार तर सगळंच शंभर वर्षांचं सांगतात. आणि बाळकृष्णाच्या पायाशी रंगाचे पोपडे सुटायला लागलेत, काय करू?

रविवारचा_बाजार:
ताई, आधी पोपड्यांचं. हात लावू नका, फेव्हिकॉल तर नकोच नको, फ्रेमही उघडू नका. कागदात रंग मुरतो तसा काचेत मुरत नाही, नुसता वर बसलेला असतो, दमट हवेत पकड सुटते. चित्र भिंतीवरून काढून आडवं ठेवा, काच खाली आणि पाठ वर, म्हणजे सुटलेले तुकडे जागच्या जागी राहतील. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कन्झर्वेशन सेंटर आहे, तिथे विचारून बघा. पुन्हा टांगाल तेव्हा पावसाची ओल येणारी भिंत नको.

आता ओळखायचं कसं. जुनी काच सपाट नसते, तिरकी धरून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा, लाटा दिसतात, कधी बुडबुडाही असतो. भिंगातून ठिपके ठिपके दिसले तर बहुतेक मागे छापील चित्र चिकटवलंय. आणि जमलं तर पाठ बघायला मागाच. या चित्रात सगळं उलटं चालतं, डोळे, मोती, दागिन्यांच्या रेघा आधी, मग कपडे आणि अंगाचा रंग, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी, त्यामुळे मागून नुसते रंगाचे सपाट पट्टे दिसतात. मागूनही नाकडोळे रेखीव दिसत असतील तर मी तरी घेणार नाही. पण काच जुनी आणि काम नवीन असंही करतात लोक, तेव्हा एका खुणेवर जाऊ नका.

काचकमळ:
पुण्यात असाल तर केळकर म्युझियममधली काचचित्रं निवांत बघून या, चांगलं बघितलेलं असलं की बाजारात नजर फसत नाही. ही कला आपल्याकडे अठराव्या शतकात चीनमधून आली, पश्चिम भारतात चिनी चित्रकारांनी येऊन काम केलंय, म्हणून काही जुन्या चित्रांतल्या बायकांचे डोळे जरा चिनी वळणाचे वाटतात, मला तीच सगळ्यात आवडतात. १८९४ मध्ये रविवर्मांचा छापखाना निघाला, रंगीत छापील देव स्वस्तात घरोघरी गेले आणि काचेवर हाताने काढून घेणारे कमी होत गेले. आणि तुम्ही हळू घेताय तेच बरोबर आहे हो, भिंत भरायची म्हणून घेतलं की डावं-उजवं बघायचं राहून जातं.

कावेरीकाठ:
मी चेन्नईची मराठी. बाळकृष्ण गोरा, गुटगुटीत, मागे सोनेरी वर्ख आणि वर दोन्हीकडे बांधलेले पडदे असं असेल तर तो तंजावरकडचा असू शकतो, भोसल्यांच्या राजवटीत तिथे ही चित्रं खूप झाली. इकडे कधी आलात तर कारैकुडीच्या मुनीश्वरन कोविल रस्त्यावर जा, चेट्टिनाडच्या मोठमोठ्या घरांतून निघालेलं सामान तिथे मिळतं, एक अख्खा दिवस काढा. अजून एक, शंभर वर्षांच्या वरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, ती परदेशातल्या लेकीला वगैरे पाठवता येत नाही, आणि विकणाऱ्याकडे लायसन्स लागतं. पावती घेत चला.

माजघर:
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! बाळकृष्ण आडवा ठेवलाय, फ्रेम उघडणार नाही. पडदे आहेत कावेरीकाठ, हिरवे, सोनेरी झालरीचे, आणि अंगही गोरंच आहे, आम्ही इतकी वर्षं त्याला पुण्याचाच समजत होतो, आता सासूबाईंना विचारते तो वाड्यात आला कुठून.