आई-लेकराच्या मायेचं चित्रपुस्तक घरी करायचंय: मांडणी, कागद, शिवण?

रानजाई: दोन वर्षांच्या मुलासाठी. मूल मोठं होत जातं, आई म्हातारी होते, माया तीच. ए५ आकार, १६ पानं. पानांची जुळणी कशी करायची? स्टेपल चालेल का? आणि गोष्ट उपदेशासारखी वाटू नये म्हणून काय करू?

सुईदोरा: स्टेपल नकोच. पिन उचकटली की मूल ती तोंडात घालणार. दोऱ्याने शिवा.

चार ए४ कागद मधोमध दुमडून एकात एक बसवा. कागदाच्या एका बाजूला येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी १७. सर्वांत बाहेरच्या कागदावर १६ आणि १, त्याच्या पाठीवर २ आणि १५. सर्वांत आत ८ आणि ९. समोरासमोरची दोन पानं अखंड कागदावर फक्त इथेच मिळतात, म्हणून मोठं पसरलेलं चित्र ८-९ वरच घ्या. बाकी ठिकाणी डावं-उजवं पान वेगळ्या कागदाचं असतं. आईचा चेहरा घडीवर आला तर हमखास सरकतो.

कागद १५० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), कव्हर २५०. घडी तंतूंच्या दिशेने हवी: कागद हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने घडी सहज पडते, त्या घडीच्या रेषेचीच तंतूंची दिशा. ए४ मध्ये तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात, म्हणजे आपल्या घडीला आडवे. मग घडी फुटते, पानं फुगून राहतात. ए३ आणून मधोमध कापलात तर दिशा बरोबर बसते.

घडीवर तीन भोकं: एक मध्यावर, दोन कडांपासून ३ सेंमी आत. मेण लावलेला दोरा ५५ सेंमी. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत. दोन्ही टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा.

ओवीवेडी: रानजाईताई, पान १ नावाचं, २ ते १५ म्हणजे सात जोडपानं, सात वयं. प्रत्येक जोडपानावर दोनच ओळी. माया, प्रेम हे शब्द मजकुरात आणूच नका, तिथूनच उपदेश सुरू होतो. काम गोधडीकडे सोपवा. पहिल्या चित्रात नवी, पुढे दर वेळी एक ठिगळ जास्त, आणि ते ठिगळ मागच्या पानावर आईच्या अंगावर असलेल्या लुगड्याचं. मुलं असलं बरोबर शोधतात! शेवटी मुलगा तीच गोधडी आईच्या अंगावर घालतो. पालुपद एकच, शब्द न बदलता, उजव्या पानाच्या तळाशी. काही वाचनांनंतर मूल ते आपणहून म्हणायला लागतं.

रानजाई: जलरंग थेट पानांवर वापरले तर?

सुईदोरा: १५० चा कागद लाटांसारखा वाकडा होईल. ३०० च्या कागदावर रंगवा, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून छापून घ्या. अक्षर २० पॉइंटच्या खाली नको, ओळींत अंतर भरपूर ठेवा, नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. शिवल्यावर आतली पानं बाहेर डोकावतात, ती धारदार कटरने एकत्र कापा. त्यासाठी बाहेरच्या कडेला १ सेंमी कोरं सोडा. कोपरे गोल करा, टोकदार कोपरा आधी मुडपतो आणि मग तिथूनच पान फाटतं.