शब्दचर्चा : ‘स्टॉर्म सर्ज’ला मराठीत काय म्हणावे?

धागा

२००५ सालच्या अटलांटिक वादळांवर मराठीत लिहिते आहे. त्या मोसमात ठरलेली २१ नावे संपली आणि पुढच्या वादळांना अल्फा, बीटा अशी ग्रीक अक्षरे द्यावी लागली. कॅटरिना, रिटा, विल्मा त्याच वर्षीच्या. लिहिताना दोन जागी अडले. ‘ट्रॉपिकल स्टॉर्म’ आणि ‘हरिकेन’ दोन्हींना आपण चक्रीवादळच म्हणतो, त्यामुळे ‘चक्रीवादळाचे चक्रीवादळात रूपांतर झाले’ असे वाक्य होऊन बसते. दुसरा शब्द ‘स्टॉर्म सर्ज’, म्हणजे वादळामुळे किनाऱ्यावर चढणारे समुद्राचे पाणी. बातम्यांत त्याला ‘महाकाय लाटा’ किंवा ‘समुद्र खवळला’ म्हटलेले दिसते. दोन्ही पटत नाहीत.

प्रतिसाद

पहिल्याचे सोपे आहे. वारा ताशी ६२ किमीला पोचला की आपला हवामान विभाग ‘चक्रीवादळ’ म्हणतो. अमेरिकेत जवळपास त्याच वेगाला ट्रॉपिकल स्टॉर्म म्हणतात. त्यांचे हरिकेन ताशी ११९ किमीला सुरू होते, म्हणजे आपल्याकडचे ‘अतितीव्र चक्रीवादळ’. तेव्हा हरिकेन हा शब्द तसाच ठेवा. तो त्या समुद्राचाच आहे, कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून स्पॅनिशमध्ये आणि तिथून जगभर गेलेला.

प्रतिसाद

‘लाट’ कृपया नको. लाट येते आणि परत जाते, वाचणाऱ्याला वाटते की किनाऱ्यापासून जरा मागे सरकले की झाले. इथे समुद्राची पातळीच चढते आणि तासन्‌तास चढलेली राहते. लाटा असतात त्या या चढलेल्या पाण्यावर. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने (दाब मोजायचे एकक) उतरला तर पाणी जेमतेम एक सेंटीमीटर वर येते, म्हणजे दाबाचा वाटा थोडा. मुख्य काम वाऱ्याचे, तो पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो. समुद्रतळ उथळ आणि लांबवर पसरलेला असला, जसा मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तरेला आहे, की त्या पाण्याला खालून परतायला वाट मिळत नाही.

कॅटरिना आखातात पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचे होते, २९ ऑगस्टला जमिनीवर आले तेव्हा तिसऱ्या. तरीही मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पास ख्रिश्चन इथे पाणी सुमारे साडेआठ मीटर चढले. १९६९ मध्ये त्याच किनाऱ्यावर आलेले कॅमिल पाचव्या श्रेणीचे होते. कॅमिलमध्ये आपले घर टिकले, मग हे तर तिसऱ्या श्रेणीचे, असा हिशेब करून कितीतरी माणसे घरातच थांबली. श्रेणी वाऱ्याची होती. वादळाचा पसारा किती मोठा आहे आणि त्याने आखातात आधीच किती पाणी रेटून आणले आहे, हे त्या आकड्यात नव्हतेच. पूर्वी या श्रेणींच्या तक्त्यात श्रेणीशेजारी पाण्याची उंचीही छापत. दिशाभूल होते म्हणून २०१० मध्ये ती काढली. २०१७ पासून तिथे या पाण्यासाठी वेगळा इशारा निघतो. १९६३ ते २०१२ या काळात अमेरिकेत अशा वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी जवळपास निम्मे या चढलेल्या पाण्याचे होते. म्हणून मला हा शब्द इतका महत्त्वाचा वाटतो. तो ऐकून माणसाने घर सोडले पाहिजे.

प्रतिसाद

आमच्याकडे रायगडात शब्द तयार आहे : उधाण. ‘वादळी उधाण’ म्हणा, कुठल्याही कोळ्याला कळेल.

प्रतिसाद

मीही किनाऱ्याचाच, आणि कळेल म्हणूनच मला भीती वाटते. उधाण अमावास्या-पौर्णिमेचे, भांग, म्हणजे कमी भरती, अष्टमीच्या आसपासचा. उधाण पंचांगावरून आधी ठाऊक असते, होडी किती वर ओढायची तेही ठाऊक असते. वादळाचे पाणी त्याच्यावर वेगळे चढते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. अशा वेळी ‘उधाण येणार’ म्हटले तर माणूस म्हणेल, ते तर येणारच होते.

माझ्या मते ‘फुगवटा’ घ्यावा. धरणाचे पाणी मागे पसरते त्याला आपण फुगवटा म्हणतोच. उजनीचा फुगवटा, अलमट्टीचा फुगवटा वर्तमानपत्रात नेहमी असतो. पातळी वाढणे, पाणी आत शिरणे आणि तिथे साचून राहणे, तिन्ही अर्थ त्यात आहेत. ‘वादळी फुगवटा’. मग ‘उधाणाच्या भरतीवर तीन मीटरचा फुगवटा’ असे स्वच्छ लिहिता येते.

प्रतिसाद

ह्यूस्टनहून लिहितो. फुगवटा लेखात चांगला आहे, पण इशाऱ्यात क्रियापद हवे : ‘पाणी घराच्या छपरापर्यंत चढेल.’ इथे शिकवतात ते हेच, वाऱ्यापासून लपा, पाण्यापासून पळा. किनाऱ्यालगतची घरे रिकामी करण्याचे पट्टेही पाण्याच्या हिशेबानेच आखलेले आहेत.

धागा सुरू करणारी

‘वादळी फुगवटा’ घेते. पहिल्यांदा येईल तिथे ‘वाऱ्याने रेटलेले समुद्राचे पाणी’ असेही लिहीन. न्यू ऑर्लिन्सच्या परिच्छेदात मात्र थोडे जपून लिहावे लागेल. तिथे कॅटरिनाच्या फुगवट्याने बंधारे आणि पूरभिंती फुटल्या, आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. फुगवटा म्हणून थांबले तर भिंती बांधणाऱ्यांची जबाबदारी वादळावर जाते. तिथे ‘बंधारे फुटून आलेला पूर’ असेच लिहिते.

‘लँडफॉल’, म्हणजे वादळ जमिनीवर येणे, अजून राहिला आहे. ‘धडकणे’ मला नको, कारण वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला शांत भाग, किनारा ओलांडायच्या कितीतरी आधी पाणी रस्त्यावर आलेले असते आणि बाहेर पडायची वाट बंद झालेली असते. ‘वादळाचा डोळा किनाऱ्यावर आला’ हे लांब होते, पण बरोबर आहे. याहून आखूड काही सुचले तर सांगा.