सॅमन आणि ट्राउटची हॅचरी पाहायला कोणत्या महिन्यात जावे?

नदीकाठ (प्रश्न)
आम्ही वॉशिंग्टन राज्यात सिअ‍ॅटलजवळ जाणार असून इसाक्वा येथील सॅमन हॅचरी (माशांची अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे केंद्र) मुलांना दाखवण्याची इच्छा आहे. समुद्रातून परतलेले मासे, अंडी फलित करण्याचे काम आणि वाढणारी पिल्ले हे सर्व एकाच भेटीत पाहता येईल का? ट्राउटची हॅचरी यापेक्षा वेगळी असते का?

जलविहार
सर्व एकदम दिसत नाही, त्यामुळे काय पाहायचे आहे यावरून महिना ठरवावा. चिनूक आणि कोहो सॅमन साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात इसाक्वा ओढ्यात परततात आणि त्यांच्यासाठी बांधलेल्या पायऱ्यांवरून उड्या घेत वर चढतात. मादीची अंडी काढून त्यांत नराचे वीर्य मिसळण्याचे कामही याच सुमारास होते. मुले सोबत असतील तर मी हाच काळ सुचवेन. मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी तेथे सॅमन महोत्सव भरतो, तेव्हा निवांत पाहणे कठीण जाते.

अंडी किती दिवसांत फुटतील हे पाण्याच्या तापमानावर ठरते. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात चिनूकला सुमारे ५० दिवस लागतात. कवचातून पिल्लाचे काळे डोळे दिसू लागेपर्यंत अंड्यांना हलकासा धक्काही सोसत नाही, आणि बाहेर पडलेले पिल्लू पुढे काही आठवडे पोटाखालच्या पीतक पिशवीवरच (अंड्यातल्या बलकाच्या साठ्यावर) जगते. टाक्यांमधली बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) पाहण्यासाठी वसंत ऋतू उत्तम.

शेवाळ
थंड, प्राणवायूने समृद्ध असे वाहते पाणी सॅमन आणि ट्राउट दोघांनाही लागते आणि पद्धतही बरीचशी सारखीच आहे. मोठा फरक असा की पॅसिफिक सॅमन अंडी घातल्यावर मरतात, तर ट्राउट पुन्हा पुन्हा प्रजनन करू शकतात. त्यामुळे ट्राउटचे प्रजनक मासे केंद्रातच सांभाळता येतात आणि तेथे बहुतेक महिन्यांत काही ना काही पाहायला मिळते. सॅमनचा हा मृत्यू नैसर्गिक आहे आणि नदीत कुजणाऱ्या त्यांच्या देहांवर ओढ्यातले कीटक व इतर जीव पोसले जातात, हे मुलांना आधीच समजावून सांगावे अशी माझी मनापासून विनंती आहे.

उगम
माशाच्या पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर आहे का, हेही मुलांना पाहू द्या. हॅचरीत वाढवलेल्या बहुतांश पिल्लांचा तो पर ओळखीसाठी कापलेला असतो. प्युजेट साउंड या सिअ‍ॅटलजवळच्या खाडीतील चिनूक १९९९ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या संघराज्य कायद्याखाली संरक्षित आहे, म्हणून जंगली मासा आणि हॅचरीतला मासा वेगळा ओळखता येणे फार महत्त्वाचे ठरते. हॅचरीतले मासे जंगली माशांत मिसळल्याने त्यांचे आनुवंशिक वेगळेपण कमी होण्याची चिंता अभ्यासकांना वाटते, आणि माझ्या मते नदीचे पाणी थंड व मोकळे ठेवण्याला हॅचरी हा पर्याय होऊच शकत नाही.

उन्हाळ्याच्या अखेरीस जाणार असाल तर सिअ‍ॅटलमधील बॅलर्ड येथील जलपाशांनाही (समुद्र आणि गोड्या पाण्याच्या दरम्यान बोटी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दरवाजांनाही) भेट द्यावी. इसाक्वाकडे जाणारे मासे तेथूनच गोड्या पाण्यात शिरतात आणि काचेच्या खिडक्यांतून अगदी जवळून दिसतात.