प्रशिक्षणाचे ५० तास: मूल कसं शिकतं यावर घालवावेत का?

निफाडच्या बाई
२०२० च्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकांना वर्षाला ५० तास प्रशिक्षण सांगितलंय. त्यातले निम्मे तरी तास मूल कसं शिकतं, त्याच्या प्रश्नांवरून धडा कसा उभा करायचा आणि त्याला आंतरराष्ट्रीय दृष्टी कशी द्यायची, यावर जावेत. डी.एड.ला पियाजे, वायगॉट्स्की हे मूल कसं शिकतं ते सांगणारे मानसशास्त्रज्ञ परीक्षेपुरते पाठ केले. पोराला एकट्याने जमत नाही, पण थोडा हात दिला की जमतं, तिथेच शिकवायचं असतं, हे वायगॉट्स्कीचं म्हणणं मला उमगायला नोकरीची आठ वर्षं गेली.

सिडकोचे सर
ताई, माझ्या वर्गात साठ पोरं आहेत. मागच्या प्रशिक्षणात साधनव्यक्तीने स्लाइड वाचल्या, आम्ही सह्या करून परतलो. आणि ही 'आंतरराष्ट्रीय दृष्टी' कुणासाठी? आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा परदेशी अभ्यासक्रम, १९६८ साली जिनिव्हात सुरू झाला, इथे तो लाखांत फी घेणाऱ्या शाळांत चालतो. आमच्या पोरांना आधी धड वाचता येऊ द्या.

निफाडच्या बाई
सर, आमच्या पोरांच्या घरची द्राक्षं युरोपात जातात. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी तिकडे आपला माल अडला होता. सातवीला हे सांगितलं, तर एकीने विचारलं, "तिकडच्यांना चालत नाही ते औषध आपल्याला कसं चालतं?" मग नकाशा निघाला, दशलक्षात एक भाग म्हणजे किती ते फळ्यावर मांडलं, बापाची फवारणीची वही वर्गात आली. वाचन त्यातच झालं, तेही न सांगता. जग त्यांच्या बांधावर आलेलंच आहे.

सुरगाण्याचे गुरुजी
माझी मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. प्रश्न मनात असतो, मराठीत फुटत नाही. म्हणून पालघरच्या आदिवासी भागातलं कोसबाड आठवतं. मुलं गुरांमागे जातात, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली.

सिडकोचे सर
गुरुजी, ते कुठल्या प्रशिक्षणातून आलं नव्हतं!

निफाडच्या बाई
थोडं आलं होतं, सर. ताराबाईंनी आधी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, माँटेसोरी पद्धत समजून घेतली. मग आपल्या मुलांकडे पाहून ती बदलली. प्रशिक्षणाकडून मला एवढंच हवंय.

सिडकोचे सर
मग प्रशिक्षण हॉलमध्ये नको, माझ्या वर्गात घ्या. साठ पोरांना तुम्ही शिकवा, मी मागच्या बाकावर बसून टिपणं काढतो.

निफाडच्या बाई
शनिवारी सकाळची शाळा असते ना तुमची? मुख्याध्यापकांना विचारून ठेवा, येते.