कचरा वेगळा करणं पटतं सगळ्यांना, करत का नाहीत? मदत हवी आहे
आमच्या सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करायला हवा, हे सगळ्यांना मान्य आहे. मीटिंगमध्ये माना डोलतात. सकाळी डब्यात मात्र चहाचा चोथा, दुधाच्या पिशव्या, डायपर सगळं एकत्रच. कचरावेचक ताई ते हाताने निवडतात, बघवत नाही.

अमेरिकेतल्या एका हॉटेलातल्या प्रयोगात (प्रसिद्धी 2008) 'पर्यावरण वाचवा' या पाटीपेक्षा 'बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' ही पाटी जास्त लागू पडली. आमची पंचाईत अशी की इथे बहुतेक घरं करतच नाहीत, आणि खोटं लिहायचं नाही. मग पाटीवर लिहू काय? मजल्यानुसार आकडे लावले तर लोक दुखावतील का? दंड लावला की मनापासून करणारेही बिथरतात, असं मला वाटतं. कुणाच्या सोसायटीत हे जमलंय? नेमकं काय केलंत, सविस्तर सांगा ना.