मदत हवी आहे: तपासणी शिबिरात नकार सांगायच्या टेबलावर बसायचं आहे

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातली, पांढरकवड्याकडची. पुढच्या महिन्यात आमच्याकडे एका धर्मादाय संस्थेचं फाटलेल्या ओठ-टाळूच्या रुग्णांसाठी तपासणी शिबिर आहे. ऑपरेशनं नंतर, शहरात. त्या दिवशी फक्त कोणाला न्यायचं ते ठरतं. मागच्या वर्षी मी नोंदणीला होते, यंदा शेवटचं टेबल माझ्याकडे आलंय. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं घरच्यांना समजावून सांगायचं. होकार कोणीही सांगेल. नकार कसा सांगायचा, हे मला विचारायचंय.

मागच्या वेळी झरीकडच्या एका कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, एक बाई सात-आठ महिन्यांचं लेकरू घेऊन आली होती. ऐन वेचणीचे दिवस, मजुरी बुडवून पहाटेच निघालेली. ‘ऑपरेशन’ हा शब्द ऐकून तिने लेकराला सकाळपासून काही पाजलंच नव्हतं. मी कपात दूध आणून दिलं, तर ती पदराची गाठ सोडून पैसे काढायला लागली. दूध पाजलं की अर्धं नाकातून परत येत होतं आणि ती तितक्याच शांतपणे पुसून पुन्हा चमचा लावत होती. लेकराचं हिमोग्लोबिन ७.८ निघालं. चिठ्ठीवर ‘पुढच्या वेळी’ एवढे दोनच शब्द. “मंग आता काय करू बाई मी?” असं तिने विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी या.

ते उत्तर वर्षभर डोक्यातून गेलं नाही. नोंदणीची वही शिबिर संपल्यावर संस्थेच्या गाडीतून गेली, इथे कोणाकडे तिचा नंबर नाही. पोडाचं नाव लक्षात होतं म्हणून यंदा तिथल्या आशाताईंना विचारलं. घरचे सगळे कामाला तेलंगणात गेलेत म्हणाल्या.

तर, ज्यांना परत पाठवायचंय त्यांच्या हातात काय द्यावं? कोलामी मला येत नाही, त्याचं काय करावं? आणि सासू सगळ्यांसमोर ‘हिनं गिऱ्हान (ग्रहण) पाळलं नाही’ म्हणते, तेव्हा स्वयंसेवकाने बोलावं का गप्प बसावं?

प्रतिसाद: शिबिरातली सिस्टर

ताई, कारण आणि आकडा दोन्ही सांगा. ओठाच्या ऑपरेशनचा जुना ठोकताळा सोपा आहे: वय १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, हिमोग्लोबिन १०. टाळूचं ऑपरेशन बहुधा नऊ महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान करतात. ‘रक्त १० लागतं, बाळाचं ७.८ आहे, भूल सोसणार नाही’ असं म्हटलं की आईला कळतं. सर्दी-खोकला असेल तरी भुलीत श्वासाचा धोका असतो, म्हणून थांबवतात. तेही सांगा, नाहीतर लोकांना वाटतं वशिल्याने नंबर लागले.

पण नुसतं ‘लोहाचं औषध द्या’ म्हणून पाठवू नका. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. रक्त कमी दिसलं की आधी ती तपासणी, मग डॉक्टर ठरवतील ते औषध. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात साध्या सोल्युबिलिटी टेस्टवर भरवसा ठेवता येत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली रक्ततपासणी लागते.

गिऱ्हानाच्या वेळी बोलाच, सासूलाच उद्देशून बोला. ओठ-टाळू पोटातल्या पहिल्या तीन महिन्यांत जुळतात, कधी जुळायचे राहतात. ग्रहणाशी संबंध नाही, सुनेची चूक नाही. मी प्रत्येक शिबिरात हे बोलते.

आणि निरोप देतानाच सांगा, तपासणीला लेकरू उपाशी आणू नका. पाजताना बसतं धरा, वाटी-चमच्याने थोडं थोडं, मध्ये ढेकर काढा.

प्रतिसाद: अंगणवाडीवाली

वर्षभर कशाला थांबायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, फाटका ओठ-टाळू त्यात येतो. त्यांचं तालुक्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. नकार मिळालेल्यांची यादी त्याच दिवशी पथकाला आणि गावच्या आशाताईंना द्या. कामाला बाहेरगावी जाणाऱ्यांचा एक नंबर नातेवाइकाचाही घ्या, तुमची बाई तिथेच निसटली.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. संस्थेला आजच कळवते की माझ्या टेबलावर कार्बनची दोन प्रतींची वही हवी: एक घरच्यांना, एक इथेच राहील. त्यावर कारण, आकडा, पुढे कुठे जायचं आणि दोन फोन नंबर. झरीच्या आशाताईंकडे त्या कुटुंबासाठी निरोप ठेवलाय, होळीला परततील म्हणतात.

कोलामीचं मात्र अजून राहिलंय. झरी, मारेगाव, घाटंजीकडचं कोणी कोलामी बोलणारं दिवसभर माझ्या शेजारी बसू शकेल का? येण्याजाण्याची आणि जेवणाची सोय मी करते. इथेच कळवा.